रे रोडचं लोखंड आणि सत्तावीसशेचा फरक

मागच्या पावसाळ्यात एका रविवारी सकाळी भाचीचा फोन आला. चहाचा दुसरा कप नुकताच हातात घेतला होता. नमस्कार-चमत्कार काही नाही, एकदम प्रश्न. "मामा, तू रे रोडच्या ब्रँचला होतास ना? तिकडे दारूखान्यात जुनं लोखंड मिळेल का रे? फार जुनं हवंय. १९४५ च्या आधीचं."

मी म्हटलं, "किती हवंय? पिंप भरून की ट्रक भरून?" ती हसली. मग म्हणाली, "तशी मला गरज नाहीये. पण आमच्या लॅबमध्ये आज तोच विषय निघाला आणि तुझी आठवण झाली."

भाची पदार्थविज्ञानात संशोधन करते. कुठल्या संस्थेत, ते लिहू नकोस असं तिने बजावलं आहे, म्हणून लिहीत नाही. पॉझिट्रॉन नावाच्या कणांचा झोत धातूंवर सोडायचा आणि त्यातून धातूच्या अंतरंगाची बातमी काढायची, हे तिचं काम. त्यातला निम्म्याहून अधिक वेळ बातमी काढण्यात जात नाही. नको असलेल्या बातम्या गाळण्यात जातो. शास्त्रज्ञ त्या नको असलेल्या बातम्यांना 'बॅकग्राउंड' म्हणतात, आपण पार्श्वभूमी म्हणू. आजचा लेख त्याविषयी आहे. वाचकांनी घाबरून जाऊ नये. मी आयुष्यभर बँकेत आकडे जुळवले आणि उरलेल्या वेळात कादंबऱ्या लिहिल्या. मला जे समजलं ते कुणालाही समजेल.

आधी रे रोड. हार्बर लाइनवरच्या या स्टेशनाला लॉर्ड रे यांचं नाव आहे. ते १८८५ ते १८९० या काळात मुंबईचे गव्हर्नर होते. १९१० च्या डिसेंबरात कुर्ल्याहून निघालेली हार्बर लाइन पहिल्यांदा इथपर्यंतच आली होती, म्हणजे रे रोड हे तेव्हा शेवटचं स्टेशन. स्टेशनच्या पूर्वेला गोदीच्या अंगाला दारूखाना. नावावरून कुणी भलता अर्थ काढू नये. ही दारू म्हणजे तोफेची, बंदुकीची. तिथल्याच एका बंदराचं नाव पावडर बंदर. मी १९८६ साली नवाकोरा अधिकारी होऊन तिथल्या शाखेत रुजू झालो, तेव्हा दारूखाना म्हणजे जुन्या जहाजांचं स्मशान होतं. गुजरातेत अलंगला १९८३ पासून जहाजं फोडायला सुरुवात झाली होती आणि धंदा हळूहळू तिकडे सरकू लागला होता, तरी आमच्या खातेदारांचा व्यवहार अजून दांडगा होता. नांगर, साखळदंड, पितळी खिडक्या, कापलेले पत्रे. दिवसभर गॅसकटरचा वास आणि घणांचा आवाज. पहिले आठ दिवस मला समोरच्या माणसाचं बोलणं ऐकू येत नसे. नंतर घणांचा आवाज ऐकू येईनासा झाला. माणसाच्या कानाची ही सोय यंत्राला नसते, एवढं लक्षात ठेवावं.

आता १९४५ च्या आधीचं लोखंड कशाला? पोलाद तयार करताना भट्टीत प्रचंड प्रमाणात हवा किंवा प्राणवायू फुंकावा लागतो. १६ जुलै १९४५ रोजी अमेरिकेने न्यू मेक्सिकोच्या वाळवंटात पहिला अणुस्फोट केला आणि त्यानंतर सगळ्या जगाची हवा किंचित किरणोत्सारी झाली. ते कण हवेबरोबर भट्टीत गेले आणि पोलादात बसले. शिवाय पुढे भट्टीच्या अस्तराची झीज मोजण्यासाठी त्यात कोबाल्ट-६० घालायची पद्धत आली, त्याचाही अंश पोलादात उतरला. पुलाला, इमारतीला, कढईला त्याने काहीही फरक पडत नाही. पण अतिशय क्षीण किरण मोजायच्या यंत्राभोवती अशा पोलादाची पेटी केली, तर पेटीच यंत्राच्या कानाशी कुजबुजत राहते. म्हणून शास्त्रज्ञ अणुयुगाच्या आधीचं पोलाद शोधू लागले. पहिल्या महायुद्धानंतर २१ जून १९१९ रोजी जर्मन नौसैनिकांनी आपलं आरमार स्कॉटलंडजवळच्या स्कापा फ्लो इथे स्वतःच बुडवलं होतं. त्या जहाजांचं पोलाद समुद्रातून काढून अशा यंत्रांसाठी वापरलं गेलं. १९६३ च्या करारानंतर हवेतल्या अणुचाचण्या कमी झाल्या, हवा निवळत गेली, आणि आज बहुतेक कामांना नवं पोलादही चालतं.

फोन ठेवल्यावर मला एकदम 'विक्रांत' आठवली. आपली पहिली विमानवाहू युद्धनौका. ब्रिटिशांनी 'हर्क्युलिस' या नावाने १९४३ साली तिची बांधणी सुरू केली आणि २२ सप्टेंबर १९४५ रोजी ती पाण्यात उतरवली. म्हणजे तिच्या सांगाड्याचं बरंचसं पोलाद पहिल्या अणुस्फोटाच्या आधीच भट्टीतून बाहेर पडलेलं असणार. १९६१ साली ती आपल्या नौदलात आली, १९७१ चं युद्ध लढली, १९९७ साली निवृत्त झाली, आणि २०१४ साली फोडायला आणली ती दारूखान्यात. भाची जे लोखंड गमतीने मागत होती, ते अगदी आपल्या रे रोडला येऊन, कापलं जाऊन, गेलंसुद्धा! मी तिला उलट फोन करून हे सांगितलं. ती क्षणभर गप्प झाली. मग म्हणाली, "मामा, पण माझं भांडण जुन्या लोखंडाशी नाहीच. माझं भांडण माझ्याच यंत्राच्या लोखंडाशी आहे."

ते भांडण समजून घ्यायला पॉझिट्रॉनची ओळख हवी. इलेक्ट्रॉन आपल्याला शाळेपासून ठाऊक आहे, ऋण भाराचा. पॉझिट्रॉन त्याचा जुळा भाऊ, वजन तेवढंच, भार मात्र धन. डिरॅक यांच्या समीकरणांतून त्याची चाहूल लागली आणि १९३२ साली अमेरिकेत कार्ल अँडरसन यांना तो प्रत्यक्ष सापडला. आपल्या मुंबईचाही या कणाशी जुना घरोबा आहे. होमी भाभा केंब्रिजला असताना त्यांनी पॉझिट्रॉन आणि इलेक्ट्रॉन एकमेकांवर आदळून कसे विखुरतात, याचं गणित मांडलं. १९३६ साली प्रसिद्ध झालेल्या त्या कामामुळे या घटनेला आजही जगभर 'भाभा स्कॅटरिंग' म्हणतात. त्याच भाभांनी उभारलेल्या ट्रॉम्ब्याच्या अणुसंशोधन केंद्रात पॉझिट्रॉनच्या साहाय्याने पदार्थांचा अभ्यास होत आला आहे. रे रोडहून हार्बरची गाडी पकडून मानखुर्दला उतरलं की ट्रॉम्बे हाकेच्या अंतरावर.

पॉझिट्रॉन आणि इलेक्ट्रॉन समोरासमोर आले की दोघंही नाहीसे होतात आणि त्यांच्या जागी गॅमा किरणांची जोडी निघते. दोन किरण, एकमेकांच्या बरोबर विरुद्ध दिशेने, प्रत्येकाची ऊर्जा ५११ किलोइलेक्ट्रॉनव्होल्ट. हा ५११ चा आकडा म्हणजे पॉझिट्रॉनची सही समजा.

धातूत अणू ओळीने बसलेले असतात, नाट्यगृहातल्या प्रेक्षकांसारखे. एखादी खुर्ची रिकामी राहिली, म्हणजे एखादा अणू जागेवर नसला, तर पॉझिट्रॉन नेमका त्या रिकाम्या खुर्चीत जाऊन बसतो. कारण अणूचं केंद्र धन भाराचं, ते पॉझिट्रॉनला दूर ढकलतं, आणि जिथे अणूच नाही तिथे ढकलणारं कुणी नाही. लाखो अणूंमागे एखादी जागा रिकामी असली तरी तो ती हुडकून काढतो. सूक्ष्मदर्शकाला जी उणीव दिसत नाही ती त्याला सापडते. धातूला तडा जातो तो शेवटी. त्याच्या फार आधी अशा रिकाम्या जागा जमू लागतात.

याचं मोल काय, ते अणुभट्टीच्या उदाहरणावरून कळेल. अणुभट्टीचं जाड पोलादी पात्र वर्षानुवर्षं न्यूट्रॉनांचा मारा खाऊन ठिसूळ होऊ लागतं. पोलादात अगदी थोडं तांबं असतं, त्याचे अणू एकत्र येऊन बारीक पुंजके करतात आणि त्यामुळे हा ठिसूळपणा वाढतो. जपानमधल्या संशोधकांनी २००१ च्या सुमारास पॉझिट्रॉन वापरून हे पुंजके ओळखून दाखवले. भट्टी अजून किती वर्षं बिनधोक चालेल, या प्रश्नाशी ही माहिती थेट जोडलेली आहे. तिथे चुकीची बातमी परवडत नाही.

पण रिकाम्या खुर्चीच्या शेजारी लोखंडाचा अणू बसला आहे की तांब्याचा, हे कळतं कसं? रे रोडच्या फलाटावर उभे राहा. हॉर्न वाजवत येणारी गाडी जवळ येताना आवाज चढा लागतो आणि पुढे निघून गेली की उतरतो. गॅमा किरणांचंही तसंच. इलेक्ट्रॉन ज्या वेगात होता, त्यानुसार एका किरणाची ऊर्जा ५११ हून थोडी वाढते आणि दुसऱ्याची तेवढीच घटते. अणूच्या अगदी आतल्या कप्प्यातले इलेक्ट्रॉन सर्वांत वेगवान, आणि प्रत्येक मूलद्रव्याचे आतले कप्पे निराळे. म्हणून ५११ च्या शिखरापासून दूर, दोन्ही बाजूंच्या उतारांच्या शेवटच्या टोकाला त्या अणूची ओळख लिहिलेली असते. अडचण इतकीच, की तिथे अक्षर फार फिकं असतं आणि कागद फार मळका.

हा मळ येतो कुठून? भाचीने मला यादीच दिली. आकाशातून विश्वकिरण सतत कोसळत असतात. तुम्ही हा लेख हातात धरून वाचत आहात, त्या तळहातातून मिनिटाला शंभराच्या आसपास कण आरपार जात आहेत. प्रयोगशाळेच्या काँक्रीटच्या भिंतीत पोटॅशियम-४० असतं. माणसाच्या अंगातही असतं. आपल्या शरीरात त्याचे दर सेकंदाला चार हजारांच्या आसपास अणू फुटतात, म्हणजे यंत्राशेजारी उभा राहिलेला शास्त्रज्ञ स्वतःच पार्श्वभूमीत भर घालतो! बचावासाठी शिशाच्या विटा रचाव्यात, तर शिशातही शिसं-२१० नावाचा किरणोत्सारी भाऊबंद असतो. त्याचं अर्धं आयुष्य २२ वर्षांचं. इटलीतल्या ग्रान सासो प्रयोगशाळेने म्हणूनच सार्डिनियाच्या किनाऱ्याजवळ बुडालेल्या, सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीच्या रोमन जहाजातल्या शिशाच्या विटा वापरल्या. आपल्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेचे शास्त्रज्ञ विश्वकिरणांपासून पळून कोलारच्या सोन्याच्या खाणीत उतरले होते. १९६५ साली सुमारे २.३ किलोमीटर खोलीवर त्यांना वातावरणात जन्मलेल्या न्यूट्रिनोंच्या खुणा सापडल्या, त्या वरच्या खडकाने बाकीचा गोंगाट अडवला म्हणूनच.

भाचीला खाणीत उतरायची गरज नाही. तिच्या कामात मोठा गोंगाट करतो तो खुद्द पॉझिट्रॉन देणारा सोडियम-२२. तो पॉझिट्रॉन देतो, आणि पाठोपाठ १२७५ किलोइलेक्ट्रॉनव्होल्टचा एक जोरदार गॅमा किरणही सोडतो. शिवाय त्याचे पॉझिट्रॉन वाटेल त्या वेगाचे. म्हणून झोत तयार करतात तो असा. टंगस्टनच्या पातळ पत्र्यातून पॉझिट्रॉन जाऊ द्यायचे. हजारो पॉझिट्रॉनांपैकी एखादाच संथ होऊन बाहेर पडतो. मग वाकवलेली नळी. चुंबकाच्या आधाराने संथ पॉझिट्रॉन वळण घेतात, वेगवान सरळ जाऊन भिंतीवर आपटतात, आणि गॅमा किरणांना तर वळताच येत नाही. वळणापलीकडे शिशाची भिंत आणि तिच्या आड नमुना. मग विजेच्या दाबाने हव्या त्या वेगाने पॉझिट्रॉन नमुन्यावर सोडायचे. दाब कमी ठेवला तर ते वरच्या थरातच थांबतात, वाढवला तर केसाच्या जाडीच्या पन्नासाव्या-शंभराव्या हिश्शाइतके खोल जातात.

इतकं करूनही मळ उरतोच. तेव्हा मी तिला बँकवाल्याचा प्रश्न विचारला, "मग वजा का नाही करत? अंदाजाने एक रेघ मारायची, तिच्या खालचं सगळं वगळायचं." ती म्हणाली, "लोक करतात की. पण हिशोब बघ. समज, खरी बातमी शंभर मोजण्यांची आहे आणि पार्श्वभूमी दहा हजारांची. दहा हजारांत नुसत्या नशिबाने शंभराचा चढउतार होतो, वर्गमुळाइतका. मग तू वजा करून जे शंभर काढलेस ते बातमीचे की नशिबाचे? तेच पार्श्वभूमी शंभरावर आणली तर चढउतार दहाचा. मग बातमी स्वच्छ दिसते." मला हे फार पटलं. आमच्याकडे न सापडलेला फरक 'सस्पेन्स' खात्यात टाकायची सोय असते. ताळेबंद जुळतो, पण फरक जिथे होता तिथेच असतो.

पार्श्वभूमी कमी करण्याची तिची मुख्य युक्ती ऐकून तर मी खुर्चीतच सरसावून बसलो, कारण ती बँकेत मी हजारदा केली होती. स्ट्राँगरूमच्या तिजोरीला दोन किल्ल्या असतात, एक कॅशियरकडे, एक अधिकाऱ्याकडे. दोन्ही एकाच वेळी लागल्याशिवाय दार उघडत नाही. तिने नमुन्याच्या दोन्ही बाजूंना समोरासमोर दोन डिटेक्टर ठेवले. एकाने किरण पकडला आणि त्याच क्षणी दुसऱ्यानेही पकडला, तरच नोंद करायची. भिंतीतला पोटॅशियम एक किरण सोडतो, त्याची नोंद होत नाही. योगायोगाने दोन परके किरण एकाच क्षणी आले तर? तेही होतं. दोन्ही डिटेक्टर सेकंदाला दहा-दहा हजार किरण पकडत असतील आणि 'त्याच क्षणी' म्हणजे सेकंदाचा एक कोटीवा भाग धरला, तर सेकंदाला दहा खोट्या जोड्या जमतात. मग दुसरी अट, दोघांच्या ऊर्जेची बेरीज १०२२ भरली पाहिजे. एकाला जास्त तर दुसऱ्याला तेवढंच कमी. हे तर सरळ जमा-नावे झालं! शास्त्रज्ञ या पद्धतीला 'कोइन्सिडन्स' म्हणतात. डिक्शनरीत त्याचा अर्थ योगायोग दिला आहे, आणि इथे मात्र ते योगायोग हुसकावून लावायचं साधन आहे. १९७७ साली अमेरिकेत केल्विन लिन आणि सहकाऱ्यांनी ही पद्धत धातूंसाठी वापरून दाखवली. एका डिटेक्टरने शिखर पार्श्वभूमीच्या काही शेकडा पट उंच दिसतं, दोन लावले की दहा हजार पटींच्या पुढे, आणि उत्तम मांडणीत लाख पटीपर्यंत.

हीच दोन किल्ल्यांची पद्धत आपल्यापैकी अनेकांच्या घरात वेगळ्या नावाने येऊन गेली असेल. पेट स्कॅन. त्यातला 'पी' म्हणजे पॉझिट्रॉनच. रे रोडहून फार लांब नाही, परळच्या रेडिएशन मेडिसिन सेंटरमध्ये २००२ साली देशातला पहिला वैद्यकीय सायक्लोट्रॉन आणि पेट सुरू झाला. रुग्णाला दिलेल्या साखरेसारख्या औषधातलं फ्लोरिन-१८ पॉझिट्रॉन सोडतं, भोवतालचं डिटेक्टरांचं कडं ५११ च्या जोड्या टिपतं आणि त्यातून चित्र तयार होतं. तिथेही खोट्या जोड्या असतात आणि तिथेही त्या गाळाव्या लागतात.

या चाळणीची किंमत मोजावी लागते. खऱ्या जोडीतला एक किरण निसटला तरी ती जोडी बाद होते. आणि बहुतेक जोड्यांतला एक तरी निसटतोच. त्यामुळे जी मोजणी एका डिटेक्टरने तासाभरात होते तिला दोन डिटेक्टरांनी दिवसच्या दिवस लागतात.

भाचीने असे कित्येक दिवस घालवले. नमुना होता सिलिकॉनवरच्या ॲल्युमिनियमच्या पातळ थराचा. आलेख काढला, आणि उताराच्या टोकाला एक सुरेख उंचवटा दिसला. ॲल्युमिनियममध्ये तो असायला नको होता. लोखंडाचा असतो तसा होता. म्हणजे ॲल्युमिनियमच्या रिकाम्या जागांशेजारी लोखंडाचे अणू येऊन बसले आहेत! नवा शोध. वरिष्ठ खूश झाले. एका परिषदेसाठी तिने सारांशही पाठवून दिला.

मग तिला शंका आली. कुणी घेतली नव्हती, तिची तिलाच आली. तिने तो नमुना काढून साधं शुद्ध ॲल्युमिनियम ठेवलं. उंचवटा होताच. नुसतं सिलिकॉन ठेवलं. तरी होता. शेवटी कळलं ते असं. नमुन्यावर पडणाऱ्या पॉझिट्रॉनांपैकी काही आत न शिरता चेंडूसारखे परत उसळतात. ते उसळून जवळच्या भिंतीवर आपटत होते, आणि ती भिंत स्टेनलेस स्टीलची. तिथे ते लोखंडाच्या इलेक्ट्रॉनांबरोबर नाहीसे होत होते आणि अगदी अस्सल जोडी सोडत होते. वेळ बरोबर, दिशा बरोबर, बेरीज १०२२. दोन्ही सह्या खऱ्या, फक्त चेक दुसऱ्याच खात्याचा. दोन किल्ल्यांची तिजोरी परक्याला रोखते, घरच्याला रोखत नाही. तिने ऐकलेलं लोखंड नमुन्यात नव्हतं, तिच्या यंत्राचं होतं.

उपाय साधे होते, पण चार महिने गेले. नमुन्याच्या जवळची भिंत लांब नेली, नळी रुंद केली, डिटेक्टरला नमुना तेवढा दिसावा म्हणून पुढे शिशाची अरुंद खिडकी बसवली, आणि प्रत्येक बदलानंतर ठाऊक असलेला नमुना ठेवून पुन्हा मोजलं. उंचवटा थोडा थोडा करत बसला. तेव्हा तिने गटाच्या बैठकीत सगळ्यांसमोर उभं राहून सांगितलं, की मी दाखवलेला उंचवटा चुकीचा होता, तो भिंतीचा होता, आणि मी सारांश मागे घेतला आहे. हे मला तिने ज्या सहजपणे सांगितलं, त्या सहजपणाने माझी त्या रात्री झोप उडाली.

कारण मला १९८६ चा डिसेंबर आठवला. तेव्हा आमच्याकडे ३१ डिसेंबरला वर्ष संपत असे. सगळं हाताने. प्रत्येक लेजरमधल्या शिलका उतरवून काढायच्या, बेरीज करायची, जनरल लेजरशी ताडायची. सेव्हिंग्जच्या बेरजेत २,७०० रुपयांचा फरक निघाला. ज्या क्लार्ककडे त्यातलं एक लेजर होतं त्याच्या हातून आधी दोन वेळा चुका झाल्या होत्या. म्हणून मी धरून चाललो की हीही त्याचीच. तीन रात्री मी त्याला बसवून घेतलं. त्याची मुलगी आजारी होती, ते त्याने मला सांगितलं नाही, शिपायाकडून कळलं. फरक सापडेना. वार्षिक अहवालात मी त्याच्या नावापुढे 'निष्काळजी' असं लिहिलं आणि अहवाल वर पाठवून दिला.

फेब्रुवारीत फरक सापडला. जुन्या बँकवाल्यांना ठाऊक असतं, फरकाला नऊने भाग गेला तर आधी उलटे पडलेले आकडे शोधावेत. २,७०० ला नऊने भाग जातो. माणसं कमी होती म्हणून एका लेजरच्या बेरजा मी स्वतः उतरवल्या होत्या, आणि एका पानाची बेरीज ४५,२०० च्या जागी ४२,५०० अशी लिहिली होती. अक्षर माझं. इतके दिवस मी सगळ्यांची पानं तपासत होतो, स्वतःची सोडून. मी शाखेत जाहीर केलं, "फरक सापडला, खातं जुळलं." कुणाचा ते सांगितलं नाही. वर पाठवलेला अहवाल दुरुस्त करणारं पत्रही पाठवलं नाही. त्याची बढती दोन वर्षं मागे पडली. तेवढ्या एका शेऱ्यामुळेच, असं मी म्हणू शकत नाही. पण शेरा होता.

भाचीच्या फोननंतर आठ दिवसांनी, जुन्या सहकाऱ्यांकडून नंबर मिळवून, मी त्यांना फोन केला. ते आता डोंबिवलीला असतात. मी सगळं सांगितलं. ४५,२०० आणि ४२,५०० हे आकडेही सांगितले. पलीकडे बराच वेळ शांतता होती. मग ते म्हणाले, "साहेब, फरक तुमच्या पानावर होता हे मला तेव्हाच कळलं होतं. लाल शाईची दुरुस्ती मी पाहिली होती. तुम्ही कधी बोलताय, याची एक-दोन वर्षं वाट पाहिली. नंतर सोडून दिलं."

मी काय बोलणार? त्यांनीच विषय बदलला, मुलीला आता मुलगा झाला आहे, असं सांगितलं.

गेल्या महिन्यात भाचीने नवा आलेख पाठवला. उंचवटा नाही. सरळ, साधी, काहीशी कंटाळवाणी रेघ. त्यावर कुणी परिषदेत टाळ्या वाजवणार नाही. मी तिला विचारलं, आता पुढे काय? ती म्हणाली, "आता खरा नमुना ठेवते, मामा. आता काही दिसलं तर ते नमुन्याचंच असेल. निदान भिंतीचं नसेल."